गावाजवळ कोळशाचा पॉवर प्लांट येतोय? जनसुनावणीची तयारी पायरीपायरीने

आमच्या भागातल्या पहिल्या जनसुनावणीला आम्ही गावच्या गाव लोटलो होतो. ट्रॅक्टर भरून माणसं, काळे झेंडे, घोषणा, मध्येच कुणीतरी माईक ओढला, आणि शेवटी बहिष्कार टाकून सगळे मंडपाबाहेर. आपण सुनावणी उधळली असं समजून त्या रात्री गावात फटाके वाजले. नंतर इतिवृत्ताची कॉपी हातात आली तेव्हा त्यात आमच्याबद्दल फक्त दीड ओळ होती, काही ग्रामस्थांनी विरोध दर्शवला आणि नंतर उर्वरित उपस्थितांनी रोजगाराविषयी विचारणा केली. विहिरी, राख, नदी, पोरांचा खोकला, कशाचाच पत्ता नाही, कारण यातलं एकही वाक्य आम्ही माईकवर बोललो नव्हतो की कागदावर दिलं नव्हतं. प्लांट झाला.

काही वर्षांनी त्याच प्लांटच्या विस्ताराची सुनावणी लागली तेव्हा मात्र आम्ही तीस दिवस खपून तयारी केली आणि तो अनुभव पूर्ण वेगळा होता. मी वकील नाही, इंजिनियर नाही, शेती करतो. पण आता आजूबाजूच्या तालुक्यांतून फोन येतात की आमच्याकडे नोटीस लागलीय, काय करू, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. जनसुनावणी म्हणजे मतदान नाही. हजार लोक विरोधात आणि दहा बाजूने म्हणून प्रकल्प रद्द होत नाही. कलेक्टर तिथे निर्णय द्यायला बसलेले नसतात, त्यांचं काम तुमचं म्हणणं नोंदवून पुढे पाठवायचं. निर्णय वर होतो, आणि वर बसलेल्या समितीपुढे तुमचा चेहरा नसतो, तुमचा कागद असतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या कागदासाठीच आहेत.

१. नेमकं काय येतंय ते शोधून काढा

गावात अफवा फार फिरतात, कुणी म्हणतं सोलर आहे, कुणी म्हणतं गॅसचा आहे. केंद्र सरकारचं 'परिवेश' नावाचं पोर्टल आहे, त्यावर पर्यावरण मंजुरीसाठी आलेले अर्ज दिसतात. राज्य आणि जिल्हा निवडून शोधा. कंपनीचा मूळ अर्ज, जागेचे गट नंबर, किती मेगावॅट, पाणी कुठून, कोळसा कुठून, हे सगळं त्यात असतं.

ही पूर्ण प्रक्रिया १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास) अधिसूचनेप्रमाणे चालते आणि ती अधिसूचना पर्यावरण (संरक्षण) कायदा १९८६ खाली निघालेली आहे. कोळशावरचा ५०० मेगावॅट किंवा जास्तीचा प्लांट 'अ' गटात येतो, म्हणजे त्याची मंजुरी दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयाकडून. त्याच्या खालचे साधारणपणे राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाकडे जातात. तुमचा प्रकल्प कुठल्या गटात आहे ते आधी बघा, नाहीतर पत्रं भलत्याच ऑफिसला जातात आणि महिना वाया जातो.

पोर्टलवर टीओआर नावाचं एक पत्र सापडेल, ते डाउनलोड करून प्रिंट काढाच. अभ्यासात काय काय तपासायचं याची यादी सरकारने कंपनीला त्यात दिलेली असते. म्हणजे तुमच्यासाठी ही तयार प्रश्नपत्रिका आहे, पुढे ईआयए रिपोर्ट आला की एकेक मुद्दा त्याच्याशी ताडून बघायचा आणि जो अभ्यास केलाच नाही तो तुमचा पहिला आक्षेप.

२. नोटीस लागली त्याच दिवशी तारखा मांडा

सुनावणी घेतं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, म्हणजे आपण एमपीसीबी म्हणतो ते. अध्यक्षस्थानी कलेक्टर किंवा त्यांचा प्रतिनिधी, आणि तो प्रतिनिधी अपर जिल्हाधिकाऱ्याच्या खालच्या दर्जाचा चालत नाही. नोटीस एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकात आणि एका मराठी दैनिकात यावी लागते आणि सुनावणीच्या आधी कमीत कमी ३० दिवस मिळाले पाहिजेत.

दोन्ही पेपरची अख्खी पानं जपून ठेवा. नुसतं नोटिशीचं कात्रण कापून ठेवलं तर वरची तारीख जाते आणि मग ते कात्रण कोर्टात काही कामाचं राहत नाही, आमच्याकडे हेच झालं होतं.

दिवस मोजा. ३० पेक्षा कमी भरत असतील तर लगेच कलेक्टर आणि एमपीसीबीच्या प्रादेशिक अधिकाऱ्याला लेखी द्या. जागा लांब असेल, बायकांना आणि म्हाताऱ्यांना पोचता येणार नसेल, किंवा तारीख ऐन पेरणीत-काढणीत येत असेल तर तेही त्याच पत्रात लिहा. सुनावणी जागेवर किंवा जागेच्या अगदी जवळ व्हायला हवी असं नियमच सांगतो. तारीख पुढे ढकलायची झाली तर कलेक्टरच्या शिफारशीशिवाय ढकलता येत नाही आणि नवीन तारीख पुन्हा त्याच पेपरांत छापावी लागते. कुणी फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर सांगितलं की सुनावणी पुढे गेली, तर विश्वास ठेवू नका, पेपर बघा.

३. ईआयए रिपोर्ट मिळवा आणि वाटून घेऊन वाचा

रिपोर्टच्या प्रती कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, संबंधित पंचायत, एमपीसीबी आणि केंद्रीय मंत्रालयाचं प्रादेशिक कार्यालय इथे बघायला ठेवायच्या असतात. एमपीसीबीच्या वेबसाइटवरही टाकतात. एखाद्या ऑफिसात गेलात आणि "अजून आला नाही" असं उत्तर मिळालं तर तिथल्या तिथे अर्ज लिहा की अमुक तारखेला अमुक वाजता आलो, अहवाल उपलब्ध नव्हता, आणि आवक क्रमांक टाकून पोच घ्या. हा साधा कागद पुढे फार जड पडतो. गोव्यातल्या एका खाणीच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये सांगितलंय की ईआयए रिपोर्टचा सारांश लोकांना सुनावणीच्या ३० दिवस आधी मिळालाच पाहिजे, आणि लोकांचे आक्षेप फेटाळायचे तर समितीने त्याची कारणं द्यायला हवीत.

मराठीत फक्त सारांश मिळतो, मुख्य रिपोर्ट इंग्रजीत असतो, शेकडो पानांचा. सारांशावर भागवू नका, त्यात सगळं गोडगोड असतं. आम्ही काय केलं तर कॉलेजात जाणारी गावातली सात पोरं-पोरी गोळा केली आणि प्रकरणं वाटून दिली, एकाला हवा, एकाला पाणी, एकीला राख, एकाला जमीन आणि झाडं. दर दोन दिवसांनी रात्री शाळेच्या ओट्यावर बसून जे कळलं ते मराठीत सगळ्यांना सांगायचं. पहिल्या दोन बैठकांत कुणाला काही कळलं नाही. तिसऱ्या बैठकीत एका पोरीने नकाशा पसरला आणि सांगितलं की यात आपला ओढाच दाखवलेला नाही. त्या रात्री बारापर्यंत कुणी उठलं नाही.

रिपोर्टमध्ये काय शोधायचं ते सांगतो.

गाव आणि माणसं: अभ्यासाचं क्षेत्र प्लांटपासून १० किलोमीटरच्या परिघाचं असतं. त्या परिघातली तुमची वाडी, तांडा, शाळा, दवाखाना, तळं, देवराई नकाशात आहे का बघा. जमिनीला पडीक म्हटलंय का बघा. आंध्र प्रदेशातल्या सोंपेट्याची पाणथळ जमीन, जिथे हजारो लोक शेती आणि मासेमारीवर जगत होते, तीच जागा प्रकल्पाच्या कागदांत निकामी जमीन म्हणून आली होती. २०१० च्या जुलैमध्ये तिथल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली, आणि त्याच महिन्यात पर्यावरण अपील प्राधिकरणाने ती मंजुरी रद्द केली. जागेचं वर्णन खोटं असणं ही बारीक चूक नाही, त्यावर मंजुरी पडू शकते.

उचललेला मजकूर: दुसऱ्या जिल्ह्याचं नाव, आपल्याकडे नसलेली झाडं-प्राणी, असं काही दिसतंय का बघा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या ईआयए रिपोर्टमध्ये रशियातल्या खाणीच्या रिपोर्टमधला मजकूर उचलून टाकलेला सापडला होता, स्प्रूस आणि बर्चच्या जंगलांसकट. कोकणात बर्च! असं एक पान जरी सापडलं तरी त्याची झेरॉक्स काढून पान नंबरसकट आक्षेपाला जोडा.

हवा: मोजणी कुठल्या महिन्यांत केली ते बघा, बहुतेक वेळा पावसाळा सोडून एका सीझनचीच असते. मोजणीची यंत्रं कुठल्या गावांत बसवली होती, तिथल्या लोकांना विचारा की खरंच कुणी यंत्र बसवलं होतं का. वाऱ्याच्या दिशेचं चक्र दिलेलं असतं त्याला विंड रोज म्हणतात, वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूचं गाव मोजणीत घेतलंय का? आणि आधीच आसपास प्लांट, खाण, वीटभट्ट्या असतील तर सगळ्यांचा मिळून परिणाम काढलाय का, का फक्त ह्या एकाच चिमणीचा? देशाच्या २००९ च्या मानकांप्रमाणे हवेतल्या पीएम २.५ ची, म्हणजे फुप्फुसात खोल जाणाऱ्या अगदी बारीक कणांची, वर्षाची सरासरी एका घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅमच्या आत हवी आणि २४ तासांची ६० च्या आत. तुमच्या गावाचा आकडा आत्ताच याच्या जवळ असेल तर नव्या धुराला जागा उरतेच कुठे, हा प्रश्न विचारा.

गंधक: "एफजीडी बसवणार" म्हणजे धुरातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारं यंत्र बसवणार, असं तोंडी सांगतील. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कडक मर्यादा घातल्या होत्या, पण जुलै २०२५ च्या अधिसूचनेने मोठ्या शहरांपासून लांब असलेल्या बहुतेक प्लांटना यातून सूट दिलीय. म्हणून तोंडी सांगण्यावर राहू नका, रिपोर्टमध्ये एफजीडीसाठी पैसे आणि जागा धरलीय का ते पान दाखवा म्हणा.

राख: माझ्या मते हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि याकडेच सगळ्यात कमी लोक बघतात. हिशोब स्वतः करून बघा. १००० मेगावॅटचा प्लांट ८० टक्के चालला तर वर्षाला साधारण ७०० कोटी युनिट वीज. एका युनिटला आपला देशी कोळसा साधारण ६५० ग्रॅम धरा, म्हणजे वर्षाला ४५ लाख टन कोळसा. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४५ टक्के असतं, ३५ धरलं तरी १६ लाख टन राख. रोजची झाली साडेचार हजार टनांच्या आसपास, वीस टनी हायवा धरला तर रोज दोनशेच्या वर गाड्या भरतील एवढी. ती कुठे जाणार? ३१ डिसेंबर २०२१ च्या फ्लाय ॲश अधिसूचनेप्रमाणे सगळी राख वापरात आणायची आहे, पण ती घेणार कोण, करार कुठे आहेत, आणि तोपर्यंत राखेचा बंधारा कुणाच्या शेताच्या वरच्या अंगाला बांधणार, हे विचारा. नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा जुलै २०२२ च्या पावसात फुटला आणि राखेचं पाणी खालच्या शेतांत आणि ओढ्या-नदीत गेलं. बंधारा फुटला तर काय, याचं उत्तर रिपोर्टमध्ये कुठल्या पानावर आहे ते विचारा.

पाणी: नव्या प्लांटला एक मेगावॅट-तास, म्हणजे हजार युनिट, विजेमागे जास्तीत जास्त ३ घनमीटर पाणी अशी मर्यादा आहे. वरच्याच १००० मेगावॅटचा हिशोब केला तर वर्षाला २ कोटी घनमीटरच्या वर जातं. एवढं पाणी ज्या धरणातून किंवा बंधाऱ्यातून घेणार तिथे आज सिंचनाचे किती हेक्टर आहेत आणि दुष्काळी वर्षात आधी कुणाचं पाणी तोडणार, हे लेखी मागा.

४. आपली मोजणी उभी करा

कंपनीच्या आकड्याला आपला आकडा लागतो. भावना खरी असते पण इतिवृत्तात ती "नाराजी" या एका शब्दात बसते.

आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका मावशींची गोष्ट सांगतो. त्यांना लिहिता-वाचता बेताचंच येतं. पण विहिरीचं पाणी आटलं की त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर चुन्याचं बोट टेकवायचं ही त्यांची सवय, आणि जुनी कॅलेंडरं ट्रंकेत अंथरलेली. पोरांनी ती बाहेर काढली तेव्हा अकरा वर्षांच्या तारखा मिळाल्या. प्लांट सुरू व्हायच्या आधी विहीर मे अखेरपर्यंत जायची, नंतर दरवर्षी मागे मागे येत शेवटी मार्चच्या पहिल्या आठवड्यात. कंपनीच्या रिपोर्टमध्ये त्या वाडीच्या भूजलाचं एकच रीडिंग होतं, जानेवारीतलं. सुनावणीत मावशींनी अकरा तारखा एकामागून एक वाचायला लावल्या आणि कॅलेंडरांचे फोटो जोडले. पुढे दिल्लीच्या समितीने कंपनीला भूजलाचा अभ्यास पुन्हा करायला सांगितला. विस्तार कायमचा थांबला असं मी म्हणणार नाही, पण फाइल अडली आणि ती या कॅलेंडरांवर अडली हे मी स्वतः वाचलंय.

तर तुम्ही काय गोळा करू शकता:

- विहिरी-बोअरची यादी: मालकाचं नाव, गट नंबर, खोली, पाणी कधी आटतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठराविक निरीक्षण विहिरींची पातळी मोजते, ते आकडे माहिती अधिकारात मागा.
- प्राथमिक आरोग्य केंद्रातली दम्याच्या, खोकल्याच्या रुग्णांची महिन्यावार संख्या. फक्त संख्या मागा, नावं मागू नका, मिळणारही नाहीत आणि मागणं बरोबरही नाही.
- पिकं, बागा, जनावरं, मासेमारी यांचा घरवार तक्ता. सातबाऱ्यावर पीक पाहणीत बागेची नोंद नसेल तर आत्ताच करून घ्या, नसता कागदोपत्री तुमची बाग अस्तित्वातच नाही.
- फोटो, पण तारीख आणि ठिकाण दिसेल असे. राख पडलेली पानं, ओढ्याचं पाणी, छतावरचा थर.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवं, म्हणून नोटीस लागायची वाट न बघता आधीच टाका. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे पाच विषय असतील तर पाच अर्ज, नाहीतर तेवढ्याच कारणाने परत येतो.

५. ग्रामपंचायतीचं दप्तर उघडायला लावा

हे बऱ्याच गावांत राहून जातं. ठरावांचं प्रोसिडिंग बुक मागच्या चार-पाच वर्षांचं बघा, कुठल्यातरी मासिक सभेत "उद्योगास ना-हरकत देण्यात येत आहे" असा एका ओळीचा ठराव आधीच होऊन गेलेला असू शकतो आणि तोच रिपोर्टला जोडलेला असतो. सापडला तर घाबरू नका, ग्रामसभा बोलवा, सविस्तर ठराव घ्या, आणि मासिक सभेने दिलेली ना-हरकत ग्रामसभेपुढे आली नव्हती हे त्यात स्पष्ट लिहा. ठरावात नुसतं "विरोध आहे" नको, कारणं आकड्यांसकट हवीत. ग्रामसेवकांच्या सही-शिक्क्याची प्रत दोन दिवसांत ताब्यात घ्या.

प्रकल्पात वनजमीन असेल तर वनहक्क कायदा २००६ मुळे ग्रामसभेचं वजन बरंच वाढतं, आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) क्षेत्र असेल तर तेही. समुद्रकाठी असाल तर सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांखालची, वेगळी परवानगी लागते. ही तिन्ही आपल्याला लागू आहेत का एवढं आधी तपासा, लागू असतील तर त्या विषयाच्या जाणकाराला गाठा.

आणि सह्यांचा सापळा. सुनावणीच्या आधी गावात आरोग्य शिबिर, नोकरीचे फॉर्म, वह्यावाटप सुरू होतं, आणि त्यात सह्या-अंगठे घेतात. आमच्याकडे नोकरीच्या फॉर्मवर केलेल्या सह्या नंतर समर्थनाच्या यादीत निघाल्या. कागदाच्या वरचा मजकूर वाचल्याशिवाय आणि फोटो काढल्याशिवाय कुणी सही करायची नाही, हे घराघरात सांगा, खास करून म्हाताऱ्यांना.

६. हरकत कशी लिहायची

एक माणूस एक मुद्दा, एक पान, हे सगळ्यात चांगलं. छापील एकच मजकूर पाचशे लोकांनी सही करून दिला तर तो एकच आक्षेप धरला जातो. वर तुमचं नाव, गाव, गट नंबर, प्लांटपासून अंतर. मग: "ईआयए रिपोर्टच्या अमुक पानावर असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात असं आहे. पुरावा जोडला आहे. म्हणून माझी मागणी ही." बस. शिव्या, राजकारण, नेत्यांची नावं काही नको. दोन प्रती करा, एक एमपीसीबीला द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. ईमेलही करा म्हणजे वेळेसकट पुरावा राहतो. तालुक्याबाहेर राहणाऱ्या मुलांना, डॉक्टरांना, प्राध्यापकांना सांगा, लेखी म्हणणं तेही पाठवू शकतात.

आणि हो, फक्त "प्रकल्प नको" एवढ्यावर थांबू नका. तुमची मुख्य मागणी तीच असू द्या, पण खाली "तरीही विचार झाल्यास" म्हणून अटी मागा: राखेचा बंधारा वस्तीपासून लांब, हवेच्या मोजणीचे आकडे गावात बोर्डावर, विहिरींची दर तीन महिन्यांनी तपासणी. काही कार्यकर्त्यांना हे पटत नाही, अटी मागणं म्हणजे शरण जाणं असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही, कारण पहिल्या वेळी आम्ही एकही अट मागितली नाही आणि प्लांट झाल्यावर हातात धरायला काहीच नव्हतं.

७. सुनावणीचा दिवस

सोबत न्यायचं सामान: हरकतीच्या प्रती, ईआयएची खुणा केलेली पानं, टीओआर, ठरावाची प्रत, आधार, कोरे कागद, शाईचं पॅड (अंगठ्यासाठी), चार्ज केलेले दोन मोबाइल, पाणी, भाकरी. सुनावणी सकाळी सुरू होऊन रात्रीपर्यंत चालू शकते.

आधी पोलिसांकडून बीएनएसएस, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या फौजदारी कायद्याच्या, कलम १६८ ची नोटीस येऊ शकते, पूर्वी ती सीआरपीसीच्या १४९ ची असायची. ही प्रतिबंधक नोटीस आहे, गुन्हा दाखल झाला असा तिचा अर्थ नाही. घ्या, कॉपी ठेवा, शांततेने म्हणणं मांडणार असं लेखी उत्तर द्या आणि जा. भीतीने घरी बसलात तर नोटिशीचं काम झालं.

पोचल्या पोचल्या हजेरीच्या रजिस्टरवर नाव लिहा. नियमाप्रमाणे कोरम लागत नाही, म्हणजे तुम्ही पाच जण असलात तरी सुनावणी वैध धरतात, त्यामुळे बहिष्काराने ती थांबत नाही. पूर्ण कार्यक्रमाचं व्हिडिओ शूटिंग करावंच लागतं. कॅमेरा चालू आहे का, तो फक्त स्टेजवर रोखलाय का, हे बघत रहा आणि आपलंही शूटिंग करा.

सुरुवातीला कंपनीचा माणूस प्रकल्पाची माहिती सांगतो. ते इंग्रजीत किंवा भराभर झालं तर अध्यक्षांना मराठीत सांगायला लावा. मग हजर असलेल्या प्रत्येकाला बोलायचा, प्रश्न विचारायचा हक्क आहे. बोलण्याची पद्धत अशी ठेवा: नाव, गाव, एक मुद्दा, पान नंबर, प्रश्न, आणि शेवटी "हे इतिवृत्तात नोंदवावं." तीन मिनिटांत संपवा. बायकांना आधी बोलू द्या. आमच्याकडे दुपारी तीननंतर बाहेरून बसने माणसं आणून पुढच्या खुर्च्या भरल्या होत्या, तोपर्यंत आमच्या बऱ्याच बायका बोलून झाल्या होत्या म्हणून निभावलं. कंपनीने दिलेलं उत्तरही लिहून घ्या, कारण "नोकऱ्या देऊ" यातला आकडा तिथेच बोलला गेला आणि नोंदवला गेला तरच पुढे धरता येतो.

८. शेवटचा अर्धा तास सोडू नका

लोक इथेच फसतात. संध्याकाळी सगळे थकतात, गाड्या सुटतात, जनावरांच्या धारा काढायच्या असतात. पण नियम असा आहे की सुनावणी संपल्यावर लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांचं टिपण तिथेच स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवायचं आणि इतिवृत्तावर त्याच दिवशी कलेक्टरची किंवा प्रतिनिधीची सही व्हायची.

आमच्या दुसऱ्या सुनावणीत हे वाचन सुरू झालं तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते, मंडपवाला मागच्या खुर्च्या रचत होता, जनरेटरच्या आवाजात धड ऐकू येत नव्हतं. आम्ही मुद्दाम मागे ठेवलेली तीस माणसं पुढे येऊन बसली. वाचताना मावशींच्या अकरा तारखांचं "पाण्याबाबत शंका उपस्थित केली" एवढंच झालं होतं. आमच्यातल्या एका पोरीने उभं राहून शांतपणे सांगितलं, साहेब, शंका नव्हती, तारखा होत्या, त्या लिहा. दहा मिनिटं वाद झाला, मग लिहिल्या. ती मुलगी उभी राहिली नसती तर मावशींची कॅलेंडरं ट्रंकेतच राहिली असती.

दुरुस्ती मान्य झाली नाही तर तिथेच कोऱ्या कागदावर आक्षेप लिहा, हजर लोकांच्या सह्या घ्या, अध्यक्षांना द्या, पोच मागा. पोच नाकारली तर दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. नंतर इतिवृत्त पंचायत, जिल्हा परिषद, कलेक्टर ऑफिस इथे लावायचं असतं, ते आपल्या शूटिंगशी ताडून बघा.

९. आता लक्ष दिल्लीकडे

सुनावणीनंतर कंपनी अंतिम ईआयए रिपोर्ट सादर करते आणि तो तज्ज्ञ मूल्यांकन समितीपुढे, म्हणजे ईएसीपुढे जातो. समितीच्या बैठकीचा अजेंडा आणि मिनिट्स परिवेशवर येतात. एका पोराला दर आठवड्याला ते बघायचं काम द्या. अजेंड्यावर प्रकल्प दिसला की समितीच्या सदस्य सचिवांना ईमेल करा, दोन पानांच्या वर नको, सोबत इतिवृत्तातले तुमचे मुद्दे आणि अंतिम रिपोर्टमध्ये त्याला उत्तर मिळालं की नाही याचा तक्ता. "उत्तर दिलेलं नाही" असा रकाना जितका भरेल तितकं समितीला पुढे सरकणं अवघड.

१०. मंजुरी आली तर: तीस दिवस

मंजुरी मिळाली की कंपनीने सात दिवसांत दोन स्थानिक पेपरांत जाहिरात द्यायची असते. ती जाहिरात कोपऱ्यात, बारीक अक्षरात येते. तिथून घड्याळ सुरू झालं असं समजा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा २०१० च्या कलम १६ खाली अपील ३० दिवसांत करायचं असतं, सबळ कारण दाखवलं तर जास्तीत जास्त आणखी ६० दिवस, त्यापुढे एक दिवसही मिळत नाही. आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ आहे. भरपाईची मागणी नसलेल्या अपिलाची फी १००० रुपये, वकिलाचा खर्च वेगळा. वकील मंजुरीनंतर शोधायला लागलात तर पंधरा दिवस त्यातच जातात, सुनावणीनंतर लगेच कागदांचा सेट घेऊन भेटून ठेवा.

अपील करणार नसाल, किंवा अपील हरलात, तरी मंजुरीपत्रातल्या अटी वाचा. त्या पाळल्या की नाही याचा अहवाल कंपनीला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. डहाणूच्या लोकांनी हेच लावून धरलं. तिथला ५०० मेगावॅटचा प्लांट थांबला नाही, पण १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी वेगळं प्राधिकरण बसलं, त्या प्राधिकरणाने १९९९ मध्ये एफजीडी बसवायला सांगितलं आणि पाठपुरावा करता करता ते २००७ मध्ये बसलं.

आमच्याकडे जून आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आता ठरलेलं काम असतं, अहवाल डाउनलोड करायचा, त्यातल्या राखेच्या पानावर लाल पेनने खुणा करायच्या, आणि बंधाऱ्याच्या काठाने चालत जाऊन बघायचं की लिहिलंय तसं आहे का.